वाघाची शक्यता

विलेपार्ल्याला, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या माळ्यावर
बावीस वर्षं मी वाघ विकतो.
म्हणजे वाघ नाही हो, वाघाची शक्यता,
जिप्सीत सहा जणांत वाटलेली,
सकाळची किंवा दुपारची.

मोहर्लीचं गेट मंगळवारी बंद, हे मला झोपेत विचारा.
कासला सप्टेंबरात, पण शनिवार-रविवार टाळा,
फुलांपेक्षा माणसं जास्त.
भिगवणला जानेवारीत, भल्या पहाटे, शाल न्या.
काजवे पावसाच्या तोंडावर, अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे,
आणि मोबाइलचा उजेड नको, प्लीज.
सगळं पाठ,
दुसऱ्याच्या मुलाच्या गुणपत्रिकेसारखं.
स्वतः एकदा नाशिकला गेलो होतो. लग्नाला.

तेंडोलकर काका-काकू दर एप्रिलला जायचे.
नऊ फेऱ्या. ताडोबा, पेंच, कान्हा, परत ताडोबा.
वाघ एकदाही नाही.
तरी काका परत येऊन टेबलावर पेढे ठेवायचे,
म्हणायचे, "पंजा पाहिला. ताजा होता,"
जणू मुलीचं लग्न ठरलं.

दहाव्या वेळी बुकिंग जानेवारीत झालं
आणि काका मार्चमध्ये गेले.
काकू आल्या. रद्द नको, म्हणाल्या, एक नाव बदल.
नाव बदलत नाही, मी म्हणालो, नियम आहे.
त्यांनी पर्स बंद केली. खटका दोनदा वाजला.
"मग असू दे. त्यांची सीट राहू दे."

एप्रिल संपताना परत आल्या. पेढे नाहीत.
पंख्याकडे बघत म्हणाल्या,
"दिसला.
पाणवठ्यात पाठमोरा बसला होता, तासभर,
शेपटीनं माश्या वारत, गोठ्यातल्यासारखा.
आता हे सांगू कुणाला?"

मला सांगा, असं म्हणायला हवं होतं.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
"तू काय काय पाहिलंस रे?"
कॅलेंडर, म्हणालो.
"सोमवारी चल मग. खाडीवर.
होडीत दोन सीट घेतल्यात. सवयीनं."

भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागे फ्लेमिंगो असतात,
हे माझ्याच माहितीपत्रकात पान सातवर आहे.
हरेश्वरची होडी, पेट्रोलचा वास,
दोन्ही अंगांना तिवरं, त्यांची मुळं
चिखलातून बोटं वर करून हजेरी लावणारी.
लाइफ जॅकेट दोन मापं मोठं.
खाडीची घाण आधी नाकात, मग घशात,
मग कधी गेली कळलंच नाही.

हरेश्वरनं इंजिन बंद केलं.
"पानी उतरू दे. चिखल उघरा परला का येतीन."

थांबलो.
ऐरोलीच्या पुलावर टँकर, खेळण्यातले.
विजेच्या मनोऱ्यावर एक घार.
आणि काठालगतचा जो मळकट पांढरा पट्टा
मी प्लास्टिक समजत होतो
त्यानं मान वर काढली.
मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

गुलाबी म्हणतात, पण तसे नाहीत ते.
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे;
आणि पंख उघडले की आतलं अस्तर
लालभडक, काळ्या काठाचं,
इतका वेळ का लपवलं होतं असं वाटावं.
डोकी उलटी करून गाळ चाळत होते.
आवाज म्हणाल तर
सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा.

काकूंनी माझं कोपर धरलं.
बऱ्याच वेळानं डबा उघडून थालीपीठ पुढे केलं.
"धर. ते असते तर म्हणाले असते,
एवढे कशाला, एक पुरे होता."

मला हसू फुटलं, होडी हलली,
तो अख्खा पट्टा उठला
आणि थोडा पलीकडे जाऊन बसला.

परतताना हरेश्वर म्हणाला,
"पाऊस लागला का जातीन सगले. कच्छला, म्हंतान.
आपुन नाय बगितला."

मंगळवारी पहिलाच फोन.
"वाघ नक्की दिसेल ना हो?"
बावीस वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं.
टेबलाखाली बुटांवर खाडी वाळली होती,
राखाडी, भेगाळलेली,
पाय आपटला असता तर पडली असती.
नाही आपटला.
"ताई," म्हणालो, "तुम्ही किती जण आहात?"